पंप रात्री आपोआप चालतो, गळती मात्र दिसत नाही: ट्रॅव्हल ट्रेलरमधील पाण्याच्या लाइनची तपासणी आणि दुरुस्ती

आपण सांगितलेली हकीकत थोडक्यात अशी आहे. ट्रॅव्हल ट्रेलर सुमारे दहा वर्षांचा आहे. रात्री सगळे नळ बंद असतानाही पाण्याचा पंप दर वीस-पंचवीस मिनिटांनी क्षणभर चालतो आणि थांबतो. पुढच्या पलंगाखालच्या खणातले प्लायवुड ओलसर लागते. पंपाजवळच्या एका जोडावर आपण दोनदा सिलिकॉन सीलंट लावून पाहिले, तरी ओल हटलेली नाही. आता दुरुस्ती करणाऱ्याने ट्रेलरच्या पोटाखालचे संपूर्ण आवरण उतरवण्याचा सल्ला दिला आहे. ते उतरवावे का आणि गळती नेमकी कुठे असेल, असे आपले दोन प्रश्न आहेत.

आवरण आत्ताच उतरवू नये आणि सीलंट पुन्हा लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पंपाचे आपोआप चालणे आणि पलंगाखालची ओल या दोन्हींचे कारण एकच आहे, असे आपण गृहीत धरले आहे. ते खरे असू शकते. पण अनेक वर्षे अशा दुरुस्त्या करताना मी इतक्या वेळा फसलो आहे की, सिद्ध होईपर्यंत ही दोन दुखणी वेगळीच मानण्याची सवय मला लागली आहे. पाणी जिथे दिसते तिथे ते सुटलेले असतेच असे नाही. ट्रेलर ज्या बाजूला किंचित कललेला असेल त्या बाजूला पाणी नळीच्या पाठीवरून, तारांच्या जुडग्यावरून किंवा चौकटीच्या लाकडावरून चार-पाच हात सरकते आणि मग टपकते. ट्रेलर नाक खाली करून उभा असेल, तर मागच्या न्हाणीघरातली गळती पुढच्या पलंगाखाली प्रकट होऊ शकते. म्हणून काही उघडण्याआधी अर्धा दिवस केवळ निदानासाठी राखून ठेवावा.

हात घालण्यापूर्वी बाहेरून येणारी वीज तोडावी आणि बॅटरीचा स्विच बंद करावा. पुष्कळ ट्रेलरमध्ये विजेचा कन्व्हर्टर (बाहेरची वीज 12 व्होल्टमध्ये बदलणारे यंत्र) आणि पंप एकाच पलंगाखाली शेजारी-शेजारी असतात, आणि ओल्या प्लायवुडवर गुडघे टेकून चालू विजेजवळ काम करणे हा शुद्ध अविचार आहे. चाचणीसाठी पंप चालवावा लागेल तेव्हा बॅटरीचा 12 व्होल्टचा पुरवठा तेवढा जोडावा. गीझरचा गॅस आणि विजेचा घटक दोन्ही बंद करून तो पूर्ण थंड होऊ द्यावा. याचे कारण केवळ भाजण्याचा धोका एवढेच नाही, चाचणीच्या अचूकतेशीही त्याचा संबंध आहे. तो पुढे येईलच.

आता पंप क्षणभर का चालतो ते पाहू. ट्रेलरमधला पंप दाबावर चालणारा असतो. नळ उघडला की लाइनमधला दाब उतरतो, पंपातला प्रेशर स्विच जोडला जातो आणि पंप सुरू होतो. नळ बंद केल्यावर दाब साधारणपणे 45 ते 55 पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावरील पौंडांत मोजलेला दाब) चढला की तोच स्विच पंप थांबवतो. सगळे नळ बंद असताना पंप पुन्हा चालला, तर लाइनमधला दाब कुठूनतरी उतरतो आहे एवढेच त्यातून सिद्ध होते. पाणी ट्रेलरच्या आत सांडते आहे हे मात्र सिद्ध होत नाही. दाब निसटण्याच्या इतरही वाटा आहेत. पंपातली एकमार्गी झडप झिजली किंवा तिच्यात कचऱ्याचा कण अडकला की पाणी मागे फिरून गोड्या पाण्याच्या टाकीत जाते. बाहेरच्या नळाची होज जिथे जोडतो त्या तोंडामागेही अशीच एक झडप असते. ती सैल झाली तर ट्रेलरच्या बाहेर, त्या तोंडातून थेंब पडतात. कमोडची झडप पाझरत असेल तर पाणी भांड्यातून मैल्याच्या टाकीत उतरते आणि कुठेही ओल दिसत नाही. गीझरची सुरक्षा झडप बाहेरच्या जाळीआड ठिबकत असते आणि तिकडे कोणी पाहत नाही.

या वाटा वेगळ्या करण्यासाठी साधे उपाय पुरतात. आधी बाहेरची होज काढून टाकी अर्धी भरावी, पंप चालू करून तो थांबू द्यावा आणि घड्याळ लावून बसावे. या अवधीत होजचे तोंड, कमोडचे भांडे, गीझरची जाळी आणि प्रत्येक नळाची तोटी कोरड्या बोटाने चाचपावी. त्यानंतर पंप बंद करून बाहेरचा नळ प्रेशर रेग्युलेटरमार्फत जोडावा आणि टाकीची पातळी कुठे आहे याची खूण करावी. पंप बंद असताना, टाकी भरण्याची वेगळी झडप असल्यास तीही बंद असताना, पातळी हळूहळू चढत असेल तर दोष पंपाच्या झडपेत आहे. या दोषाची एक गंमत अशी की टाकी पूर्ण भरली की पाणी हवानळीतून खाली सांडू लागते आणि पाहणाऱ्याला वाटते की पोटाखाली मोठी नळी फुटली आहे. अशा ट्रेलरचे आवरण उतरवून, काहीही न सापडता ते परत चढवल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. त्यातले एक माझ्याच हातचे होते.

अधिक काटेकोर चाचणी हवी असेल तर होजच्या आट्यांवर बसणारे दाबमापक घ्यावे. ते बाहेरच्या होजच्या तोंडाशी लावण्यात अर्थ नसतो, कारण तिथल्या एकमार्गी झडपेमुळे आतला दाब त्याला कळतच नाही. ते झडपेच्या आतल्या बाजूस हवे. म्हणजे बाहेरच्या शॉवरची होज काढून त्या जागी, धुलाई यंत्राच्या जोडणीवर किंवा लाइनच्या तळाच्या निचरा तोटीवर. दाब 45 पीएसआयपर्यंत चढवून पुरवठा तोडावा आणि तासभर काटा पाहावा. गीझर थंड असण्याचे महत्त्व इथे आहे. बंदिस्त लाइनमधले गरम पाणी निवताना आकसते आणि गळती नसतानाही काटा खाली येतो. उलट गीझर तापत असेल तर बारीक गळती असूनही काटा जागेवर राहतो.

काटा पडतो आहे असे ठरले की लाइनचे दोन भाग करावेत. गीझरच्या मागे दोन किंवा तीन बायपास झडपा, म्हणजे पाणी गीझरला वळसा घालून नेण्याच्या झडपा, असतात. थंड पाणी गीझरमध्ये नेणारी झडप बंद ठेवून बायपासही बंद ठेवला, की गरम पाण्याची लाइन दाबापासून सुटी होते. मग एखादा गरम नळ उघडून तिच्यातला उरलेला दाब काढून टाकावा आणि नळ पुन्हा बंद करावा. आता थंड लाइनचा दाब टिकला तर दोष गरम बाजूला, पडतच राहिला तर थंड बाजूला. एक पथ्य मात्र पाळावे. गरम आणि थंड अशा दोन मुठी असलेला बाहेरचा शॉवर पाहून घ्यावा. त्याच्या दोन्ही मुठी उघड्या ठेवून पाणी फक्त फवाऱ्याच्या बटणाने अडवलेले असेल, तर दोन्ही लाइन तिथे एकमेकींत मिसळतात आणि ही सारी चाचणी फोल ठरते. (गरम नळाला कोमट पाणी येते या तक्रारीचे मूळही पुष्कळदा याच मुठींत असते.)

दुसऱ्या बाजूने ओलीचाही तपास करावा लागेल. दोन-तीन दिवस पंप बंद, होज सुटी आणि लाइनमधला दाब उतरवलेला अशा स्थितीत पलंगाखालचा खण उघडा ठेवावा आणि तो पुसून कोरडा करावा. त्या काळात ओल परत आली नाही, तर दाबाच्या लाइनवरचा संशय बळावतो. पाऊस पडल्यावर परत आली, तर छताची कड, खिडकीची चौकट किंवा बाहेरचा कोपरपट्टा पाहावा. पाण्याच्या लाइनशी तिचा संबंध नाही. सिंक किंवा बेसिन वापरल्यावरच ती येत असेल तर दोष सांडपाण्याच्या नळीत असतो, आणि तो पकडण्यासाठी बेसिन काठोकाठ भरून एकदम सोडावे, कारण बारीक धारेने पाणी सोडले तर सैल जोडही गप्प राहतो. दाब नसतानाही ओल सतत येत असेल, तर टाकी आणि तिच्यापासून पंपापर्यंतची ओढीची नळी तपासावी. या नळीत पाणी ढकलले जात नाही, ओढले जाते. त्यामुळे तिथला सैल जोड पंप चालताना पाणी बाहेर टाकण्याऐवजी हवा आत घेतो, नळ फुरफुरतो आणि पंप पाणी धरायला वेळ लावतो. टाकी भरलेली असेल तेव्हा मात्र तोच जोड थेंबथेंब गळतो. पंपाच्या तोंडाशी असलेल्या गाळणीच्या पारदर्शक वाटीची रबरी कडी हे या बाजूचे सर्वांत दुबळे ठिकाण आहे, आणि आपल्या वर्णनावरून पंप त्याच पलंगाखाली आहे. दमट दिवसांत थंड नळीवर धरणारे दवही गळतीसारखे भासते. ते जोडापुरते न राहता नळीच्या संपूर्ण लांबीवर दिसते, एवढ्या खुणेवरून ओळखावे.

एवढे झाल्यावर दोष दाबाच्या लाइनमध्ये असल्याचे नक्की झाले, तरच जोड शोधायला निघावे. मी यासाठी कोरडा टिश्यू कागद वापरतो. प्रत्येक जोड पुसून त्याच्याभोवती कागदाची घडी गुंडाळायची, लाइन दाबाखाली ठेवायची आणि तासाभराने कागद पाहायचे. डोळ्यांना न दिसणारा पाझरही कागदावर डाग सोडतो. जुन्या गळतीच्या खुणा मुळात जागेवरच असतात. क्षारांचा पांढरा माग, स्क्रूच्या डोक्याखालचा गंजाचा ओघळ, धुळीत उमटलेली वाट, फुगून कडा उकललेले लाकूड या खुणांचा उतारावरून चढाकडे माग काढत जावे. जिथे हात पोहोचत नाही तिथे मोबाइलला जोडता येणारा वळता कॅमेरा उपयोगी पडतो.

संशयितांचा माझा क्रम अनुभवाने ठरलेला आहे. पंपाच्या दोन्ही तोंडांचे प्लॅस्टिकचे फिरते नट पहिले, कारण पंपाची थरथर आणि रस्त्याचे धक्के दोन्ही तेच सोसतात. त्यानंतर कमोडच्या मागची पाण्याची झडप, बाहेरच्या शॉवरची पाठ, होजच्या तोंडाची पाठ, गीझरमागचे प्लॅस्टिकचे जोड आणि बेसिनखाली नळाला आलेल्या नळ्यांचे नट. कमोडच्या बाबतीत गळतीची वेळ महत्त्वाची असते. मागून सतत ठिबकत असेल तर झडप किंवा तिचा नट दोषी असतो. फक्त फ्लश करताना पाणी दिसत असेल तर व्हॅक्यूम ब्रेकर, म्हणजे भांड्यातले पाणी लाइनमध्ये मागे ओढले जाऊ न देणारा भाग. आणि बुडाशी ओल येऊन वास येत असेल तर तळाच्या फ्लँजची, म्हणजे कमोड जिथे जमिनीला जोडतो त्या कडीची, सील. शेवटचे पाणी मैल्याचे असल्याने ते निस्तरताना हातमोजे घालावेत.

नळी स्वतः क्वचितच फुटते, हे अनेकांना पटत नाही. अलीकडच्या बहुतेक ट्रेलरमध्ये पेक्सची (एक प्रकारच्या चिवट, लवचीक प्लॅस्टिकची) नळी असते आणि तिची सहनक्षमता 23 अंश सेल्सिअसला 160 पीएसआय, तर 82 अंशांना 100 पीएसआय एवढी धरली जाते. म्हणजे पंपाचा दाब तिला काहीच नाही. ती हरते ती तीन कारणांनी: स्क्रू, घर्षण आणि उंदीर. कपाट किंवा हूक बसवताना गेलेला स्क्रू नळीत घुसला, तरी तो स्वतःच त्या छिद्राचे बूच होऊन महिनोन्महिने पाणी धरून ठेवतो. पुढे गंज चढतो, प्रवासात तो हलतो आणि गळती सुरू होते. त्यामुळे ट्रेलरमध्ये अलीकडे काय काय ठोकले, याची आठवण करणे हाही तपासाचाच भाग आहे. पत्र्याच्या भोकातून रबरी कडीशिवाय नेलेली नळी दर प्रवासात थोडी थोडी कापली जाते. उंदरांचे काम दातांच्या खुणांवरून ओळखता येते.

आपला ट्रेलर दहा वर्षांचा आहे, त्यामुळे पुढील गोष्ट त्याला लागू नाही. पण जुना ट्रेलर घेतलेल्या वाचकांसाठी सांगतो. करड्या रंगाची नळी दिसली तर ती बहुधा पॉलिब्युटिलीनची असते. या नळ्या 1978 च्या सुमारास वापरात आल्या आणि 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत बसवल्या गेल्या. त्यांच्या जोडांच्या गळतीचा इतिहास मोठा आहे. त्यांना पेक्सचा साधा जोड बसत नाही, मधला संक्रमण जोड लागतो. एकाच ट्रेलरमध्ये तिसरी गळती झाली की ठिगळे थांबवून सगळी लाइन पेक्सची करून घ्यावी.

गळती बंद भिंतीत असावी असा संशय असेल, तर पाणी पूर्ण काढून लाइनमध्ये हवा भरून पाहावी. गीझर बायपास करावा आणि त्याचा विजेचा घटक बंद असल्याची पुन्हा खात्री करावी, कारण कोरड्या गीझरमध्ये तो काही क्षणांत जळतो. काँप्रेसरचा दाब 30 पीएसआयच्या वर नेऊ नये. दाबलेली हवा पाण्यासारखी नसते. तिच्यात साठलेल्या शक्तीने प्लॅस्टिकचा जोड फुटला तर तुकडे उडतात, म्हणून डोळ्यांवर गॉगल असावा. दिसणाऱ्या जोडांवर साबणाचे पाणी लावले की बुडबुडे येतात आणि भिंतीतली गळती शांत वेळी फुसफुसताना ऐकू येते. या पद्धतीचा मोठा लाभ असा की शोध चालू असताना तळाच्या लाकडात आणखी पाणी जात नाही.

आता दुरुस्ती. आपण सीलंट लावलेला जोड प्रथम सोडवावा आणि त्यावरचा सीलंट खरवडून पूर्ण काढावा. दाबाखालच्या पाण्याला बाहेरून लावलेला थर थोपवू शकत नाही, आणि ओलसर पृष्ठभागावर तर तो नीट चिकटतही नाही. शिवाय तो पाणी अडवण्याऐवजी त्याला दुसरी वाट दाखवतो आणि मूळ जागा लपवतो. पंपाच्या तोंडाचे फिरते नट आतल्या रबरी वॉशरवर किंवा शंकूवर बसून पाणी अडवतात, आट्यांवर नाही. त्यामुळे तिथे टेफ्लॉन टेप लावणे निरुपयोगी असते, आणि टेपच्या जाडीने वॉशर नीट बसत नसेल तर अपायकारकही. वॉशर काढून पाहावा, चिरलेला किंवा चपटा झालेला असल्यास बदलावा, नट हाताने घट्ट करावा आणि त्यानंतर फार तर पाव फेरा द्यावा. या नटांवर लांब पान्ह्याचा जोर लावणारे लोक आज गळती थांबवतात आणि पुढच्या महिन्यात चिरलेला नट घेऊन येतात. गीझरच्या निमुळत्या आट्यांना मात्र टेप लागतेच. आट्यांचे तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने तीन-चार वेढे द्यावेत. तिथला प्लॅस्टिकचा एल्बो शक्य असल्यास पितळेचा करावा, कारण उष्णतेच्या चढउताराने प्लॅस्टिक कालांतराने आट्यांत ढिले पडते.

पंप आणि कडक नळी यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना हातभर लांबीची लवचीक होज बसवावी, ही मी सगळ्यांनाच करायला सांगतो अशी एक सुधारणा आहे. पंपाची थरथर होजमध्येच जिरते, पुढचे जोड सैल होत नाहीत आणि रात्रीचा आवाजही कमी होतो. ओढीच्या बाजूची होज मात्र आत ओढली जाऊन चपटी होणार नाही अशा जाड किंवा तारेच्या वेढ्याची असावी.

पेक्सचा जोड नव्याने करायचा असेल तर आधी नळीचे माप घ्यावे. ज्याला अर्धा इंची म्हणतात त्या पेक्सचा बाहेरचा व्यास पाच-अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे 16 मिलिमीटर असतो. युरोपीय बनावटीच्या कॅरॅव्हॅनमध्ये बहुधा 12 मिलिमीटरची नळी आढळते, आणि या दोन्हींचे जोड एकमेकांना चालत नाहीत. नळी कटरने काटकोनात कापावी, करवतीने नव्हे. जोड आवळणारी धातूची कडी आधी नळीवर सरकवावी, जोड खांद्यापर्यंत आत घालावा आणि कडी नळीच्या टोकापासून 3 ते 6 मिलिमीटरवर ठेवून दाबावी. तांब्याच्या कडीसाठी हत्यार दोन्ही बाजूंनी पोहोचावे लागते. ट्रेलरच्या कोपऱ्यांत ते अवघड असते, म्हणून मी तिथे स्टेनलेस स्टीलची, कान दाबून आवळण्याची कडी पसंत करतो, कारण तिचे हत्यार कुठल्याही कोनातून लागते. तांब्याची कडी दाबल्यावर ती पुरेशी आवळली गेली का हे सांगणारी मापपट्टी लावून पाहण्याचा कंटाळा करू नये. डोळ्यांना चांगली दिसणारी कडी मापात नापास झालेली मी अनेकदा पाहिली आहे.

हत्यार नसेल तर ढकलून बसवायचे जोड चांगले काम देतात. नळी किती खोल गेली पाहिजे याची खूण आधी पेनाने करावी आणि ती खूण जोडाच्या कडेशी येईपर्यंत नळी ढकलावी. अर्ध्या इंची जोडात ही खोली साधारणपणे 25 मिलिमीटर असते. कापलेल्या टोकाला ओरखडा राहिला तर आतली रबरी कडी कापली जाते, म्हणून टोक गुळगुळीत करणे अत्यावश्यक आहे. हे जोड तात्पुरते असतात असा समज आहे. तो मला मान्य नाही, पण फिरत्या घरात मी ते हात पोहोचेल अशाच जागी बसवतो आणि दोन्ही बाजूंना नळीला क्लिपचा आधार देतो. नळी ताणून जोडाला जोडू नये. पेक्सला वळवताना वळणाची त्रिज्या बाहेरच्या व्यासाच्या किमान आठपट, म्हणजे 16 मिलिमीटरच्या नळीला सुमारे 13 सेंटिमीटर ठेवावी. तेवढी जागा नसेल तर एल्बो वापरावा, नाहीतर नळीचा ताण जोडाला कायम एका बाजूला ओढत राहतो.

गीझरची सुरक्षा झडप ठिबकते म्हणून ती बदलण्यापूर्वी एक उपाय करून पाहावा. पाणी 10 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापले की सुमारे 1.7 टक्के प्रसरण पावते. 23 लिटरच्या गीझरमध्ये हे वाढीव पाणी साधारण 400 मिलिलिटर भरते. या वाढीसाठी टाकीच्या डोक्यावर हवेची उशी राखलेली असते, आणि ती हवा कालांतराने पाण्यात विरघळून जाते. मग पाण्याला फुगायला जागा उरत नाही आणि 150 पीएसआयला उघडणारी ती झडप तापवताना ठिबकू लागते. गीझर बंद करून पूर्ण थंड करावा, त्याला येणारे पाणी बंद करावे, एक गरम नळ उघडावा आणि झडपेचा दांडा ओढून पाणी आपोआप थांबेपर्यंत धरावा. दांडा सोडला की हवेची उशी पुन्हा तयार झालेली असते. त्यानंतरही ठिबकणे चालू राहिले तर झडप बदलावी. तिच्या तोंडाला बूच मात्र कधीही मारू नये. तसे केल्यास गीझर स्फोटक होतो.

गळती सापडून बंद झाली तरी भिजलेल्या भागाचे काम उरते. बुरशी धरायला एक-दोन दिवस पुरतात, म्हणून कोरडे करण्याची घाई करावी आणि झाकण्याची घाई करू नये. पंखा आणि आर्द्रता शोषणारे यंत्र लावावे, खणाचे झाकण उघडे ठेवावे. प्लायवुडमध्ये स्क्रूड्रायव्हरचे टोक टोचून पाहावे. ते सहज आत गेले तर तेवढा तुकडा बदलणे भाग आहे. आर्द्रतामापकावर लाकूड सुमारे 15 टक्क्यांच्या खाली आल्याखेरीज त्यावर काही बसवू नये.

पोटाखालच्या आवरणाचा विचार करण्याची वेळ आता येते. त्यावर हात फिरवून कुठे फुगवटा आला आहे ते पाहावे. पाणी साचले असेल तर सर्वांत सखल जागी, वर टाकी किंवा तार नाही याची खात्री करून, पेन्सिलएवढे एक छिद्र पाडावे आणि खाली बादली ठेवावी. पाणी निघाले नाही तर आवरण उतरवण्याचा खर्च वाचला. निघाले, तर पलंगाखालच्या पट्ट्यापुरतेच ते सोडवून भिजलेली काचलोकर काढून टाकावी. ती वाळून पूर्ववत होत नाही. सगळे आवरण उतरवण्याची गरज मी फार थोड्या ट्रेलरमध्ये पाहिली आहे.

गळती पुन्हा होऊ नये यासाठी दाबावर लक्ष ठेवावे. मुक्कामाच्या जागी पाण्याचा दाब 80 पीएसआयच्या पुढे असू शकतो, आणि रात्री सगळ्यांचे नळ बंद झाल्यावर तो आणखी चढतो. गळती रात्रीच का होते याचे उत्तर पुष्कळदा यात असते. रेग्युलेटर ट्रेलरच्या तोंडाशी न लावता नळाच्या तोंडाशी लावावा, म्हणजे होजचेही रक्षण होते, आणि तो 45 पीएसआयच्या आसपास ठेवावा. बाहेर जाताना नळ आणि पंप दोन्ही बंद करावेत. गोठवणाऱ्या थंडीचा प्रदेश असेल तर, गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगते एवढे ध्यानात ठेवून हिवाळ्याआधी लाइन रिकामी करावी किंवा तिच्यात प्रोपिलीन ग्लायकॉलचे, पाण्याच्या लाइनसाठीच बनवलेले गोठणरोधक भरावे. मोटारीच्या रेडिएटरमधले इथिलीन ग्लायकॉल विषारी असते, ते इथे चालत नाही. बाहेरचा शॉवर आणि कमोडची झडप हमखास विसरली जाते आणि वसंतात पहिल्यांदा तीच फुटलेली सापडते.

आपल्या बाबतीत माझा अंदाज असा की पंपाची झडप झिजलेली असावी आणि ओल गाळणीच्या वाटीची किंवा पंपाच्या नटाची असावी. म्हणजे दोन दोष, एकाच हाताच्या अंतरावर. हा अंदाज केवळ वर्णनावरून केलेला आहे, म्हणून वरच्या चाचण्या टाळू नयेत. दुरुस्तीनंतर लाइन रात्रभर दाबाखाली ठेवून दाबमापकाचा काटा पाहावा. त्यात ती उत्तीर्ण झाली तरी पलंगाखालचे झाकण लगेच स्क्रूने बसवू नये. खडबडीत रस्त्यावरचा एक प्रवास होऊ द्यावा, परत आल्यावर प्रत्येक जोडाभोवती टिश्यूची घडी पुन्हा गुंडाळावी, आणि सकाळी सगळ्या घड्या कोरड्या निघाल्या तरच झाकण बसवावे.